माऊंट नवे, थरथर जुनीच : शिडाच्या बोटीचं इंजिन शाफ्टच्या रेषेत आणताना

लागोपाठ तीन हंगाम एकच रडगाणं. पावसाळ्याआधी बोट वर घ्यायची, ऑक्टोबरात पाण्यात सोडायची, पहिले चार दिवस इंजिन लोण्यासारखं चालायचं आणि दिवाळी सरेपर्यंत थरथर परत हजर. गिअर टाकून १८०० आरपीएमच्या पुढे गेलं की पायाखालची फळी गुणगुणायची, चहाच्या कपात रिंगणं उठायची आणि ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, थेंब गळायचे तिथे बारीक धार लागायची.

बोट ३० फुटी, फायबरची, मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली. इंजिन दोन सिलिंडरचं, १८ एचपीचं डिझेल. शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून बोटीखालच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा, २५ मिलिमीटरचा. दोघांना जोडणाऱ्या कपलिंगची गोल चकती, म्हणजे फ्लँज, १०० मिलिमीटरची. इंजिनाखाली चार रबरी माऊंट, म्हणजे पाये. तुमची बोट वेगळी असेल, आकडे बदलतील, पण दुखणं बहुतेक हेच असतं.

आधी आम्ही काय काय चुकलो ते सांगतो, कारण तेच तुम्हीही करत असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या वर्षी जुने माऊंट डिझेल आणि तेल पिऊन पिठासारखे झाले होते. चारही नवे टाकले. ज्या यार्डात बोट वर होती तिथला मिस्त्री ट्रॉलरच्या कामातला मुरलेला माणूस. त्याने पहार लावून इंजिन सरकवलं, कपलिंगचे बोल्ट आवळले, हात पुसले आणि म्हणाला, "शेठ, अर्धा सूत पण फरक नाय. आता काय हलत नाय." खोटं नव्हतं ते. पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर. इथे हिशेब थाऊचा असतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. सर्वमान्य अडाखा असा, की फ्लँजचा व्यास जितके इंच तितके थाऊ दोन फ्लँजांच्या तोंडांमधल्या फटीत फरक चालतो. आमची फ्लँज चार इंची, म्हणून चार थाऊ, ०.१० मिलिमीटर. ट्रॉलरमध्ये बऱ्याचदा इंजिन पत्र्याच्या पट्ट्या घालून बेडवर, म्हणजे बैठकीवर, थेट घट्ट बसवलेलं असतं, मध्ये रबर नसतं. त्या कामातला हात रबरावर नाचणाऱ्या छोट्या इंजिनाला जसाच्या तसा लागू पडत नाही, एवढाच मुद्दा. मिस्त्रीचा दोष काढायचा नाही, समोर उभं राहून मोजायला मीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी शहाणपण केलं आणि लवचिक कपलिंग बसवलं. ते माझ्या मते सगळ्यात महागात पडलं. लवचिक कपलिंग रेषेतली चूक दुरुस्त करत नाही, नजरेआड करते. थरथर कमी जाणवली, म्हणून मी हंगामभर चालवत राहिलो, आणि पुढच्या मे महिन्यात बोट वर आली तेव्हा पंख्याजवळ शाफ्टला धरणाऱ्या ब्रॅकेटमधलं रबरी बुश एका बाजूने चाटून गेलेलं. लवचिक कपलिंग लावायचंच असेल तर आधी फ्लँजला फ्लँज लावून रेष जुळवा, मग ते मध्ये घाला.

तिसऱ्या वर्षी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन स्वतः खाली उतरलो.

आधी हे पाहून घ्या, की दुखणं खरंच रेषेचं आहे का. न्यूट्रलमध्ये इंजिन २००० आरपीएमला नेऊन बघा. तिथेही तेवढीच थरथर असेल तर शाफ्टचा संबंध नाही. एखादा माऊंट फाटलाय, एखादा चुकीच्या कडकपणाचा बसलाय किंवा एक सिलिंडर नीट पेटत नाहीये. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअर टाकताच त्रास, तर रेष, शाफ्ट, बुश नाहीतर पंखा. आणि पंख्याला हात लावल्याशिवाय पान्याला हात लावू नका. आपल्या बंदराच्या पाण्यात पंख्यावर शिंपल्या कशा भराभर चढतात ते सांगायला नको. एका पात्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी बसल्या की थरथर हुबेहूब चुकलेल्या रेषेसारखी येते. माझ्या ओळखीच्या एका बोटवाल्याने दोन दिवस इंजिन वरखाली केलं, शेवटी पोराने बुडी मारून पंखा खरवडला आणि प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट, बेड. माऊंटचे बोल्ट फायबरखालच्या लाकडात गेलेले असतील तर एकेक पाना लावून बघा. एखादा फुकट फिरत असेल तर आत लाकूड कुजलंय. तिथे कितीही बारकाईने रेष जुळवा, पंख्याने रेटा दिला की इंजिन सरकणार. बहुतेक शिडाच्या छोट्या बोटींत पंख्याचा सगळा रेटा शाफ्टमधून गिअरबॉक्सला आणि तिथून या चार माऊंटांवरच येतो, बोटीला पुढे ढकलणारे तेच. आमचा मागचा डावा बोल्ट असाच निघाला. भोक मोठं करून, कुजका भाग काढून, इपॉक्सीने भरून नव्याने पाडावं लागलं.

आता मोजणीआधीची एक सावधगिरी, आणि ही टाळू नका. बोट पाण्यात असताना कपलिंग सोडवलं की शाफ्ट मोकळा होतो. पंखा ओढ खाऊन तो मागे सरकू शकतो. पूर्ण बाहेर गेला तर स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिच्या, भोकातून समुद्र आत. म्हणून कपलिंगचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी ग्लँडच्या पुढे शाफ्टवर एक जुबली क्लिप (रबरी नळीवर स्क्रूने आवळतात ती पट्टी) घट्ट आवळा. शाफ्ट मागे सरकला तरी क्लिप ग्लँडला अडेल.

आणि हो, शेवटची मोजणी पाण्यातच करायची. पहिल्या वर्षीची आमची दुसरी चूक हीच. जमिनीवर बोटीचा सगळा भार कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, आणि बाजूच्या टेकूंवर असतो, पाण्यात तो अख्ख्या तळावर पसरतो. फायबरचं अंग तेवढ्याने बाक बदलतं. वर शिडाच्या बोटीची आणखी एक गंमत : डोलकाठी मधोमध खाली दाबते आणि पुढच्या-मागच्या तारा बोटीची दोन्ही टोकं वर ओढून धरतात. मागची तार ताणली की किंचित का होईना, बोट केळ्यासारखी वाकते. म्हणून डोलकाठी उभी, तारा नेहमीच्या ताणावर, पाण्याची आणि डिझेलची टाकी नेहमी असते तेवढी भरलेली, आणि पाण्यात सोडून निदान दोन दिवस झालेले, अशा स्थितीत मोजा. जमिनीवर ढोबळ जुळवून ठेवायला हरकत नाही, बोल्ट पूर्ण आवळून मोकळं व्हायला हरकत आहे.

गेटवेसमोर मूरिंगवर असाल तर वेळही निवडावी लागते. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचा सुरू झाल्या की दर पाच मिनिटांनी लाट येते आणि फीलर गेज हातात नाचतं. मी पहाटे साडेपाचला जातो. शिवाय उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ इतकी असते, की मोकळा शाफ्ट पंख्याबरोबर हळूहळू फिरू पाहतो. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस धरा, तेही भरती-सुकतीच्या मधली शांत वेळ.

आता मूळ मुद्द्याकडे.

कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही फ्लँजा बोटभर लांब करा. तोंडं सँडपेपरने साफ करा, रंगाचा पोपडा किंवा गंजाचा एक कण राहिला तरी सगळी मोजणी वाया जाते. मग शाफ्ट पुढे आणून तोंडं जेमतेम टेकवा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज घालून अंतर लिहून घ्या. हात लांब घालावा लागतो, डोकं तिरपं करावं लागतं, टॉर्च दातात धरावा लागतो. छोटा आरसा सोबत ठेवा.

माझे पहिले आकडे : वर ०.१०, खाली ०.३४, डावीकडे ०.२२, उजवीकडे ०.२२. वरखाली फरक ०.२४, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. खाली अंतर जास्त म्हणजे इंजिनाचं पुढचं टोक उंच. आधीच्या दोन वर्षांत मी, मिस्त्री, कुणीही असतो तरी इथे पाना उचलून पुढच्या माऊंटचे नट खाली घेतले असते. घेतलेच होते.

या वेळी पाना उचलण्याआधी एक केलं. गिअरबॉक्सची फ्लँज हाताने धरून ठेवली आणि फक्त शाफ्टची फ्लँज अर्धा वळसा फिरवली. पुन्हा मोजलं. वर ०.२८, खाली ०.१६.

इंजिन तिथेच, शाफ्ट तिथेच, आणि फरक उलटा झालेला! जे अंतर इंजिन वाकडं असल्यामुळे पडतं ते शाफ्ट कितीही फिरवला तरी त्याच जागी राहतं, खाली तर खालीच. जे शाफ्टबरोबर फिरतं ते इंजिनाचं नव्हेच. ते शाफ्टच्या फ्लँजचं तोंड तिरकं असल्याचं किंवा शाफ्टच वाकल्याचं. हिशेब सोपा आहे : पहिल्या वेळी खाली ०.२४ जास्त, दुसऱ्या वेळी ०.१२ कमी. दोन्हींची बेरीज ०.१२, तिचं अर्ध ०.०६ ही इंजिनाची खरी चूक. उरलेले ०.१८ फ्लँजचे. म्हणजे इंजिन मर्यादेच्या आत होतं, आणि मी दोन वर्षं बरोबर असलेल्या इंजिनाला वाकडं करत होतो.

तक्रार दर वर्षी परत का येत होती याचंही उत्तर यातच आहे. दर वेळी कपलिंग सोडवलं, की फ्लँज हाताला येईल त्या कोनात थांबायची. त्या कोनातली तिची तिरकी बाजू आम्ही नट फिरवून भरून काढायचो. त्या क्षणी फ्लँजा सुरेख जुळलेल्या दिसायच्या. पुढे शाफ्ट अर्धा वळसा फिरला की सगळी चूक दुप्पट होऊन समोर. पहिले चार दिवस बरं वाटायचं ते ताज्या रबरामुळे आणि पंखा स्वच्छ असल्यामुळे.

म्हणून नियम करून टाका : शाफ्टची फ्लँज पाव-पाव वळसा फिरवून चारही स्थितींत मोजा. मग शाफ्ट स्थिर ठेवून गिअरबॉक्सची फ्लँज तशीच फिरवा, क्वचित तीही तिरकी निघते. खडूने दोन्हींवर खुणा करा, नाहीतर तिसऱ्या स्थितीत गोंधळ होतो.

आमची फ्लँज तिरकी कशी झाली, ते आठवायला वेळ लागला नाही. ग्लँडचं पॅकिंग बदलायला कधीतरी ती हातोड्याने ठोकून काढली होती, पुलर नव्हता म्हणून. उपाय लेथवर. बोट वर असताना शाफ्ट बाहेर काढा, फ्लँज तिच्या चावीसकट आणि ग्रब स्क्रूसकट शाफ्टवर घट्ट बसवा आणि ती जोडी एकत्र लेथवर चढवून तोंडाला फेसिंग मारून, म्हणजे ते सपाट कातून, घ्या. नुसती फ्लँज दिलीत तर उपयोग नाही, कारण तोंड शाफ्टशी काटकोनात हवं. त्याच वेळी शाफ्ट सरळ आहे का तेही लेथवाला डायल लावून सांगतो. नवी फ्लँज घेतलीत तरी हे करा.

फ्लँज सरळ झाली की बाकीचं काम नटांचं.

शाफ्टचं लोंबणं आधी सावरा. ग्लँडपासून पुढे शाफ्ट अधांतरी असतो आणि फ्लँजच्या वजनाने खाली झुकतो. २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या शाफ्टचं वजन मीटरला साधारण चार किलो. अधांतरी भागाचं अर्धं वजन आणि फ्लँजचं पूर्ण वजन एवढ्या जोराने शाफ्ट वर उचलून धरायचा. त्यासाठी मी रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता काटा आणला, वरच्या फळीला दोरीने बांधला आणि आकडा पाहून दोरी ताणली. यार्डातली पोरं हसली. पण अंदाजाने टेकू लावला तर आपण लोंबलेल्या शाफ्टला इंजिन जुळवत बसतो.

आता इंजिन किती हलवायचं, याचं गणित. तोंडांमधला फरक गुणिले पुढच्या-मागच्या माऊंटमधलं अंतर, भागिले फ्लँजचा व्यास. समजा खाली ०.३० जास्त आहे, माऊंटमध्ये ५०० मिलिमीटर आहेत आणि फ्लँज १०० ची : ०.३० × ५०० ÷ १०० = १.५ मिलिमीटर. पुढचे दोन्ही माऊंट दीड मिलिमीटर खाली. एम-१६ च्या साध्या आट्याचा नट एका वळशात २ मिलिमीटर चढतो, म्हणजे पाऊण वळसा. षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे ०.३३. वर अंतर जास्त असेल तर उलट, पुढचं टोक वर घ्या. तुमचा आटा बारीक असेल तर आधी पट्टी लावून मोजा.

पुढचं खाली घेतलं की फ्लँज वर उचलली जाते, कारण ती मागच्या माऊंटच्याही मागे असते. मागच्या माऊंटपासून फ्लँज १५० वर असेल तर या दीड मिलिमीटरने ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर येईल. त्यामुळे कोन जुळवला की उंची बिघडते, उंची जुळवली की पुन्हा कोन तपासायचा. तीन-चार फेऱ्या होतात, वैतागू नका. उंची बरोबर आहे का ते फ्लँजच्या मधल्या उंचवट्याने कळतं : शाफ्ट हाताने पुढे ढकलला की उंचवटा खोबणीत न अडखळता बसला पाहिजे. हातोडीची गरज लागली तर जुळलेलं नाही.

आधी उभं, मग आडवं. आडवं सरकवताना माऊंटच्या खाचेच्या भोकातले बोल्ट सैल करून पहारेने हळूच रेटा द्या. एक माऊंट सरकतो तेव्हा दुसरा पिळत नाही ना, तेही बघा.

एवढं जुळवूनही न्यूट्रलमधली थरथर वाढली असेल तर चारही माऊंटांवर सारखा भार आहे का पाहा. डुगडुगणारी खाट आठवा : तीन पाय टेकलेले, चौथा नावाला. रबरामुळे ते डोळ्यांना दिसत नाही, पानाच सांगतो. एका बाजूचा नट सहज फिरतोय आणि त्याच्या शेजारचा जोर मागतोय, तर भार सारखा नाही. डावा-उजवा नेहमी जोडीने, सारख्या वळशांनी फिरवा.

नव्या माऊंटबद्दल थोडं. जुने काढण्याआधी बेडपासून इंजिनाच्या ब्रॅकेटपर्यंतची उंची चारही ठिकाणी लिहून घ्या आणि एका वेळी एकच बदला. जॅक तेलाच्या सम्पखाली लावू नका, ब्रॅकेटखाली लाकडाचा ठोकळा घालून लावा. चारही माऊंट एकसारखे असतीलच असं नाही, काही इंजिनांना पुढे मऊ आणि मागे कडक लागतात, रबरावर किंवा पत्र्यावर आकडा उठवलेला असतो. दुकानदार चार सारखे देऊ लागला तर आधी इंजिनाचं पुस्तक काढा. माऊंटची लांब बाजू इंजिनाच्या लांबीशी समांतर. नट दांड्यावर जितका खाली राहील तितकं बरं. दांड्याच्या टोकावर इंजिन चढवलं तर ते डोलतं आणि दांडा वाकतो. उंची कमी पडत असेल तर माऊंटखाली धातूची जाड पट्टी घाला, लाकडी नको, ती दबते.

नवं रबर भाराखाली बसतं. इंजिन वर ठेवून निदान एक दिवस जाऊ द्या, मगच बारीक मोजणी. आणि पहिल्या वीस-पंचवीस तासांनंतर पुन्हा एकदा कपलिंग सोडून मोजा. माझ्याकडे चोवीस तासांनी मागचा उजवा माऊंट बसलेला निघाला, फरक ०.१३. नट थोडासा फिरवल्यावर ०.०५ वर आलं. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत मोजलं तेव्हा तेवढंच होतं, ग्लँड मिनिटाला दोन-तीन थेंबांवर आहे आणि २४०० आरपीएमला फळी गप्प. आयडलला मात्र अजून थोडं हलतं. दोन सिलिंडरचं इंजिन आहे, तेवढं हलणारच. आयडल थोडं वाढवलं की सुसह्य होतं.

वरचा चेकनट आवळताना एक बघा. आवळण्यानेच खालचा नट बारीकसा फिरतो आणि कष्टाने जुळवलेले शतांश जातात. खालच्या नटावर दुसरा पाना धरून ठेवा, चारही चेकनट आवळून झाले की पुन्हा मोजा, आणि मगच कपलिंगचे बोल्ट घाला. शाफ्टवरची जुबली क्लिप काढायला विसरू नका, मी एकदा तशीच ठेवून इंजिन सुरू केलं होतं आणि ग्लँडची रबरी नळी तिने खरवडली.